पहिले विद्यावेतन हाती येईपर्यंत



गेल्या अंकात आपल्या वाड्यांवरच्या बारावी झालेल्या मुलांची बातमी आली होती. ती वाचून मंडळीतील तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मोठ्या कंपन्या आता मुलांना कामावर घेऊन पदवीही देतात म्हणे. शिकायचे तेथेच, पगारही तेथेच. मग आपण दरवर्षी शिष्यवृत्तीची वर्गणी कशाला गोळा करायची?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. म्हणून या तिमाहीच्या अभ्यासलेखासाठी हाच विषय घेतला. पण अभ्यासाला बसण्यापूर्वी एका मुलीची हकीकत सांगतो. तिचे नाव, वाडीचे नाव आणि कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

ही मुलगी खेड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरची. बारावी सायन्स, गणित घेऊन पास झालेली वाडीतली पहिलीच. एका मोठ्या कंपनीने बारावीनंतर प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरी करता करता पदवी, अशा योजनेत तिला निवडले. परीक्षा तिने दिली, मुलाखत तिने दिली. आम्ही काय केले? सभागृहात सत्कार केला. शाल, फुले, एक मनगटी घड्याळ आणि चहा-फराळ. फोटो काढले आणि ते या अंकातही छापले. ऑगस्टमध्ये ती पुण्याला गेली.

खोलीवर तिघी जणी. घरमालकाला दोन महिन्यांची अनामत आधी हवी, मेसवाल्या मावशींना महिन्याचे आगाऊ. मुलगी महिन्याच्या मध्यावर रुजू झाली, म्हणून त्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात मिळतील असे सांगण्यात आले. पुढच्या महिन्यातही ते आले नाहीत. आधार कार्डावर तिचे नाव एक, बँकेच्या पासबुकावर शाळेतले दुसरे. त्यामुळे रक्कम परत गेली. ती दुरुस्ती करायला खेडच्या शाखेत यावे लागणार होते, आणि येण्याला सुट्टी नव्हती. बरोबरच्या मुलींकडून किती दिवस उसने मागणार? ५३व्या दिवशी ती रात्रीच्या गाडीने परत आली आणि पहाटे खेड स्टेशनला उतरून चालत वाडीवर गेली. आम्हाला कळले ते महिन्याभराने.

दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली. मुकादमाला हिशेब लिहिणारे कोणी हवे होते, म्हणून ती विटा मोजून वहीत मांडत असे. आम्ही दिलेले घड्याळ तिने पुण्यात विकले होते. हे तिने सांगितले नाही, तिच्या वडिलांनी सांगितले; आणि तेही तक्रार म्हणून नाही. "सर, चांगलं घड्याळ होतं, पैसे बरे आले," एवढेच ते म्हणाले.

आता विषयाकडे वळू.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे नेमके काय

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१चा आहे. सुरुवातीला तो आयटीआयच्या व्यवसायांपुरता होता. १९७३च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्यात आले. पुढे २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये नियम बदलले. त्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. म्हणजे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतला मध्यम आकाराचा कारखानाही यात येतो, आणि गोळपच्या फिनोलेक्सपासून जयगडच्या वीज केंद्रापर्यंत मोठे उद्योग तर येतातच. आपल्या पालकांना वाटते की कंपनी उपकार करते आहे. तसे नाही. ते कंपनीवर कायद्याने आलेले काम आहे, आणि अर्ज देताना मुलाने तितक्याच सरळ मानेने द्यावा.

या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नव्हे, विद्यार्थी. त्यामुळे कामगार कायद्यातले बरेच हक्क त्याला लागू होत नाहीत. पण कारखान्यातल्या आरोग्याच्या व सुरक्षिततेच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाईही मिळते. धोकादायक उद्योगात १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. लोट्याला रासायनिक कारखाने असल्याने ही अट तेथे नेहमी आड येते, आणि सतराव्या वर्षी बारावी झालेल्या मुलाला वर्षभर थांबावे लागते.

विद्यावेतनाचे किमान दर २०१९च्या नियमांत ठरले. दहावीला महिना ६,००० रुपये, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, पदविकेला ८,०००, पदवीला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी चालू असलेला दर पाहूनच घ्यावा. यातला काही वाटा केंद्र सरकार देते. पदवीधर व पदविकाधारकांच्या योजनेत किमान दराच्या निम्मा, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत पाव भाग, पण महिना १,५०० रुपयांच्या आत. हा सरकारी वाटा थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. नियमाप्रमाणे एका महिन्याचे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळाले पाहिजे.

ही १० तारीख लक्षात ठेवा. १ तारखेला रुजू झालेल्या मुलाच्या हातात पहिला रुपया ४० दिवसांनी पडतो. सगळे सुरळीत झाले तर.

तीन दरवाजे

लोक "कंपनीत शिकून पदवी" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि त्या एकमेकींत मिसळल्या की मुलाची फसगत होते.

पहिला दरवाजा सर्वांत जुना : आधी शिक्षण पुरे करा, मग वर्षभर उमेदवारी. आपल्या जिल्ह्यात कोकण रेल्वे हे त्याचे चांगले उदाहरण. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग पूर्ण धावू लागला आणि २०२२ पर्यंत त्याचे विद्युतीकरण पुरे झाले. त्यामुळे सिग्नल, दूरसंचार, विद्युत अशा शाखांचे काम येथे घराजवळ आहे. २०२४ मध्ये कोकण रेल्वेने पदवीधर व पदविकाधारक शिकाऊ उमेदवारांच्या १९० जागांची जाहिरात दिली. त्यात अभियांत्रिकीखेरीज साध्या पदवीधरांसाठीही जागा होत्या. वर्षाअखेर प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर चालते. पुढे नोकरी देण्याचे बंधन मात्र कंपनीवर नसते. हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगावे. अकराव्या महिन्यात कळले तर फसवले गेल्यासारखे वाटते.

रेल्वेच्या जाहिरातीत ज्यांची जमीन मार्गासाठी गेली त्या कुटुंबांना प्राधान्य असते, आणि ते योग्यच आहे. पण कातकऱ्यांची जमीन जायला ती आधी त्यांच्या नावावर असावी लागते. वाडी ज्या जागेवर उभी आहे तीही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. हा विषय वेगळा आहे, पुन्हा केव्हातरी.

दुसरा दरवाजा म्हणजे पदवीच्या आतच बसवलेली उमेदवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाने यासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने दिली. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे उद्योगात काढायची, त्याचे गुण पदवीत धरायचे आणि त्या काळात विद्यावेतन घ्यायचे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून याच धर्तीची पदवी-उमेदवारी चालते. तेथे महाविद्यालयाचे शुल्क कंपनी आणि सरकार भरते, विद्यार्थ्याला ते द्यावे लागत नाही. आपल्याकडे महाविद्यालयाची फी विद्यार्थ्याच्याच माथी राहते, एवढा फरक आहे. अनुसूचित जमातीच्या मुलाला शिष्यवृत्ती लागू होते, पण त्याला कागदपत्रे लागतात. त्यावर पुढे बोलू.

तिसरा दरवाजा सर्वांत जास्त ऐकिवात आहे, आणि आपल्या प्रश्नकर्त्यांच्या मनात तोच असावा. कंपनी आधी नोकरीवर घेते आणि नंतर पदवी करवते. याचे सर्वांत जुने नाणावलेले उदाहरण विप्रोचे. १९९५ पासून ती बीसीए, बीएस्सी झालेल्या मुलांना कामावर घेऊन बिट्स पिलानीच्या सहकार्याने नोकरीत असतानाच पदव्युत्तर पदवी करवत आली आहे. पुढे इतर संस्थाही त्यात आल्या. शिक्षणाचा खर्च कंपनी उचलते. अलीकडच्या जाहिरातींत पहिल्या वर्षी महिना १५,००० रुपयांच्या आसपास विद्यावेतन, दरवर्षी वाढ, आणि ६० महिन्यांचा करार असे लिहिलेले असते. मध्येच सोडले तर रुजू होताना दिलेली रक्कम हिशेबाने परत करावी लागते. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून किंवा चिपळूण-दापोलीच्या एखाद्या महाविद्यालयातून संगणकशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या मुलाला हा मार्ग खरोखर खुला आहे. अट गुणांची, साधारण ६० टक्क्यांची. आपली मुले येथेच अडकतात. जे मूल नोव्हेंबर ते मे भट्टीवर होते त्याची दहावी ५२ टक्क्यांवर थांबलेली असते, आणि ती टक्केवारी त्याच्या मागे पदवीपर्यंत चालत येते. ही योजना चांगली आहे. तिच्या दाराशी आपले मूल पोहोचावे यासाठीचे काम मात्र सातवी-आठवीतच करावे लागते.

बारावीनंतर लगेच घेणारी एचसीएलची टेकबी ही योजना २०१७ पासून आहे. गणितासह बारावी, प्रवेश परीक्षा, सुमारे वर्षभर प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरीबरोबर बिट्स पिलानी, शास्त्र किंवा अमिटी अशा विद्यापीठांची पदवी. नागपूरच्या मिहानमध्ये या कंपनीचे मोठे केंद्र आहे. येथे एक गोष्ट नीट वाचावी लागते : प्रशिक्षणाला शुल्क आहे, लाख-सव्वा लाखाच्या घरात. ते बँकेचे कर्ज काढून पुढे नोकरीतल्या पगारातून हप्त्यांनी फेडायची सोय आहे, आणि चांगल्या गुणांच्या मुलांना सवलतही देतात. ज्या घरात मुकादमाची उचल पिढ्यान्‌पिढ्या फेडली जात आहे, त्या घरात "आधी कर्ज, मग काम" हे शब्द कसे ऐकू येत असतील याचा आपण विचार करावा. बँकेचे कर्ज आणि मुकादमाची उचल एक नव्हे. बँकेच्या कर्जाला कागद आहे, व्याजाचा दर आहे, शेवट आहे. पण हा फरक बसून समजावून सांगायला हवा. एका पित्याला तो समजावायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्यांनी शेवटी नाहीच म्हटले. त्यांचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

कौलांची गोष्ट

मिशनच्या कामात शिकणे आणि कमावणे एकत्र आणण्याची कल्पना नवी नाही. रत्नागिरीतल्या जुन्या घरांच्या कौलांकडे पाहा. पुष्कळ ठिकाणी मंगळुरी कौले दिसतील. ती मंगळूरला प्रथम घडली ती बासेल मिशनच्या कारखान्यात, १८६५ मध्ये. मिशन तेथे १८३४ मध्ये आले होते. नव्याने मंडळीत आलेल्यांचा जातीचा धंदा आणि आसरा तुटत असे, म्हणून त्यांना विणकाम, छपाई, कौलकाम शिकवून पोटाला लावण्यात आले. कामही येत होते, मजुरीही मिळत होती. त्या काळाच्या मानाने ते मोठेच काम होते.

पण पहिले महायुद्ध आले. बासेल मिशनमध्ये जर्मन माणसे होती, म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांचे कारखाने ताब्यात घेतले आणि १९१९ मध्ये ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या कंपनीकडे गेले. ज्यांचे काम, घर आणि ओळख एकाच छपराखाली होती, त्यांचा मालक एका कागदाने बदलला.

म्हणून कोणतीही योजना समोर आली की मी एक प्रश्न आधी विचारतो : उद्या ही कंपनी सुटली तर मुलाच्या हातात काय उरेल? सरकारमान्य प्रमाणपत्र उरेल का? अर्धी झालेली पदवी दुसरीकडे पुढे नेता येईल का? की केवळ त्या एका कंपनीच्या यंत्रणेवर काम करण्याची सवय उरेल? कायद्याखालच्या उमेदवारीचे विद्यावेतन कमी असले तरी तिचे प्रमाणपत्र कंपनीचे नसते, ते सरकारचे असते. तिसऱ्या दरवाजातल्या योजनांत विद्यावेतन जास्त, पण पदवी पुरी होईपर्यंत पाय त्या घरात अडकलेला. दोन्हींतले कोणते बरे हे मुलावर आणि त्याच्या घरच्या स्थितीवर ठरते. माझे मत विचाराल तर घरात पहिलाच शिकणारा असेल त्याने पदविका आणि मग वर्षाची उमेदवारी हा लांबचा पण पक्का रस्ता धरावा. ज्याच्या पाठीशी मोठी बहीण किंवा भाऊ नोकरीत आहे, त्याने तिसरा दरवाजा ठोठवायला हरकत नाही.

या शेवटच्या वाक्यावर आमच्या समितीत मतभेद आहेत. दोघा सदस्यांचे म्हणणे असे की पहिल्या पिढीला लांबचा रस्ता सांगणे म्हणजे पुन्हा मागे ठेवणे. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

कागद

२०११च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे २० हजारांच्या घरात. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर या उत्तरेकडच्या तालुक्यांत विखुरलेल्या लहान लहान वाड्या. (आपल्या डोंगरांवर धनगरवाड्याही पुष्कळ आहेत आणि बाहेरचे देणगीदार त्यांनाही आदिवासी समजतात. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात. त्यांच्या सवलती आणि कागदपत्रे वेगळी. अर्ज भरताना ही गल्लत करू नये.) संख्या इतकी कमी असल्याने जिल्ह्यात आदिवासी विकासाचे स्वतंत्र प्रकल्प कार्यालय नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांचे कार्यालय पेणला आहे. रत्नागिरी शहरातून पेण सुमारे अडीचशे किलोमीटर. एका सहीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वेगळे.

जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा खैराच्या झाडापासून कात पाडत रानोमाळ फिरत होते, त्यांनी १९५०चा कागद कोठून आणावा? शाळेच्या जुन्या नोंदवहीत एखाद्या चुलत आजोबाचे नाव सापडले तर सोने सापडल्यासारखे होते. कातकरी ही केंद्राने विशेष दुर्बल मानलेली जमात असल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमन मोहिमेत आधार, दाखले, बँक खाती यांची शिबिरे वाड्यांवर झाली. त्याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. ज्या वाड्या तेव्हा भट्टीवर होत्या त्या मात्र राहून गेल्या.

पण एक गैरसमज दूर करावा. दाखला राखीव जागेसाठी, शिष्यवृत्तीसाठी आणि शहरात राहण्याच्या खर्चाला पैसे देणाऱ्या स्वयम् योजनेसाठी लागतो. खुल्या जागेवर शिकाऊ उमेदवार म्हणून नोंदणी करायला लागतो तो आधार, शिक्षणाचे गुणपत्रक आणि बँक खाते. दाखला नाही म्हणून अर्जच न करणारी तीन मुले मी स्वतः पाहिली आहेत. दाखल्याचे काम चालू ठेवावे आणि अर्जही करावा.

सर्वांत लहान वाटणारी आणि सर्वांत जास्त नडणारी गोष्ट नावाची. आधारवर वडिलांनी सांगितलेले नाव, शाळेत गुरुजींनी लिहिलेले नाव, पासबुकावर बँकेच्या शिपायाने ऐकलेले नाव. तिन्ही जुळवण्याचे काम दहावीच्या सुट्टीत उरकावे. यासाठी देणगी लागत नाही. मंडळीतल्या एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याची किंवा शिक्षिकेची एक सकाळ लागते.

दोन महिने

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. कंपनी शिकवते आणि पैसेही देते, तर वर्गणी कशाला?

वर्गणी हवी, पण वेगळ्या ठिकाणी. पूर्वी आम्ही तीन वर्षांची फी डोळ्यांपुढे ठेवून रक्कम जमवत होतो. शिकाऊ उमेदवारीत अडचण फीची नाही, पहिल्या दोन महिन्यांची आहे. त्या मुलीचा हिशेब आम्ही नंतर तिच्याबरोबर बसून मांडला. खोलीच्या अनामतीतला तिचा वाटा, दोन महिन्यांचे भाडे, मेस, बसचा पास, कामावर घालायचे दोन जोड कपडे, बूट, एक अंथरूण आणि मध्ये एकदा घरी येण्या-जाण्याचे तिकीट. सगळे मिळून २२,००० रुपयांच्या आसपास झाले. सत्काराच्या कार्यक्रमाला आम्ही ९,००० खर्च केले होते. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही.

तेव्हापासून समितीने ठरवले की रक्कम रुजू होण्याच्या आधी, मुलाच्या स्वतःच्या खात्यात द्यायची. उसनी म्हणून द्यायची, आणि सहाव्या महिन्यापासून महिना हजार याप्रमाणे परत घ्यायची, म्हणजे तीच पुढच्या मुलाला देता येईल. कोणी परत करू शकले नाही तर तगादा नाही. "उसनी की दान" यावर बराच वाद झाला. मुलांनाच विचारले. एक मुलगा म्हणाला, "दान घेतलं की मंडळीत उभं राहून बोलावं लागतं. उसनं बरं." यावर वाद संपला.

पैशाबरोबर माणूस लागतो. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात आपल्या मंडळ्या आहेत, आपले वाचक आहेत. रुजू होण्याच्या पहिल्या रविवारी कोणी तरी त्या मुलाला जेवायला बोलवावे. त्याला प्रश्न विचारू नयेत, घरच्या गरिबीची हकीकत पाहुण्यांना ऐकवू नये, पोटभर जेवू घालावे आणि "पगार जमा झाला का रे?" एवढे विचारावे. हा एक प्रश्न त्या ऑगस्टमध्ये कोणी त्या मुलीला विचारला असता तर बँकेचा घोळ दुसऱ्या आठवड्यात कळला असता.

करारनामा सहीपूर्वी घरी आणायला सांगावा. मूल १८ वर्षांखालील असेल तर पालकाची सही लागते, आणि पालकाला वाचता येत नसेल तर तो पूर्ण वाचून दाखवावा. करार किती महिन्यांचा, विद्यावेतन किती व कोणत्या तारखेला, मध्ये सोडले तर काय भरावे लागेल, शुल्क आहे का, पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि तिचा वर्ग कधी भरतो. नोकरीबरोबरच्या पदवीचे वर्ग बहुधा शनिवार-रविवारी असतात. म्हणजे सहा महिने मुलाला रविवारच्या उपासनेला येता आले नाही तर त्याच्या आईला बोल लावू नये. हे मी आपल्याच काही वडीलधाऱ्यांसाठी लिहीत आहे.

भाषेचेही सांगायला हवे. वाडीवरचे मूल घरी कातकरी बोलते, शाळेत मराठी शिकते आणि कंपनीत पहिल्या दिवशी सगळे इंग्रजीत असते. हुशारीचा येथे संबंध नाही. आमच्या एका मुलाने दोन महिने एकही प्रश्न विचारला नाही, कारण इंग्रजीत विचारता येत नव्हते आणि मराठीत विचारण्याची लाज वाटत होती. शेवटी त्याच्या वरच्या कोल्हापूरच्या मुलाने त्याला चहाच्या वेळी मराठीत समजावून सांगायला सुरुवात केली, आणि तो तरला. अशी माणसे सगळीकडे असतात; आधी घाबरून परत न येण्याइतके दिवस काढता आले पाहिजेत.

त्या मुलीचे पुढे काय झाले असे आपण विचाराल. बारावीनंतरच्या त्या योजनेत अलीकडच्या वर्षांत पास झालेल्यांनाच घेतात, त्यामुळे तो दरवाजा तिच्यासाठी बंद झाला. पण बारावी सायन्सवाल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. भट्टीवर भेटलेल्या एका ट्रकचालकाच्या मुलाने तसे केले होते. त्याच्याकडून ते तिला कळले. गेल्या वर्षी तिने रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश घेतला. दाखल्यासाठी दोनदा, शिष्यवृत्तीसाठी एकदा, असे तीनदा तिचे वडील पेणला गेले. पासबुक, आधार आणि गुणपत्रक यांवर आता एकच नाव आहे.

पदविका संपली की रेल्वेत उमेदवारीसाठी अर्ज करायचा असे ती म्हणते. सत्कार करू नका, असेही तिने सांगून ठेवले आहे.